एक ऊस, चार गिऱ्हाइकं: ऑस्ट्रेलियातले फुटबॉल क्लब का बुडतात?

माझी मावसबहीण मेलबर्नला नोकरीला लागली. पहिल्याच सोमवारी ऑफिसातल्या एकाने तिला विचारलं, "तुझी टीम कुठली?" तिला वाटलं, क्रिकेटचं विचारतोय. तो विचारत होता 'फुटी'चं, म्हणजे तिथल्या फुटबॉलचं. रात्री तिने मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तो प्रश्न मला लगेच उमगला. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की आमच्याकडेही नव्या माणसाला आधी हेच विचारतात, कुठल्या बाजूचा? त्याचं उत्तर खेळ बघून ठरत नाही. आजोबा कुठल्या पेठेत राहायचे, त्यावरून ठरतं.

मेलबर्नचं असंच आहे. कार्ल्टन, रिचमंड, कॉलिंगवूड, फिट्झरॉय ही क्लबांची नावं आहेत, तशीच त्या शहरातल्या वस्त्यांचीही. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी अंतिम सामन्याला एमसीजीवर, म्हणजे विराट कोहलीने २०२२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध ती खेळी केली त्याच मैदानावर, लाखभर माणूस जमतं.

आणि याच शहरात मे २०२४ मध्ये 'मेलबर्न रेबेल्स' नावाचा व्यावसायिक क्लब बंद करायचं ठरलं. जानेवारीतच तिथे प्रशासक बसला होता, देणी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली होती. संघ वाईट खेळत होता म्हणावं, तर त्याच हंगामात तो बाद फेरीत पोचला होता. पुढच्याच वर्षी शहराच्या पश्चिमेचा 'वेस्टर्न युनायटेड' हा क्लबही अडचणीत आला आणि २०२५-२६ चा हंगाम त्याला न खेळता काढावा लागला. जिथे फुटबॉल धर्मासारखा पाळतात, तिथे फुटबॉलचे क्लब बुडतात कसे?

### आधी हे चार फुटबॉल समजून घेऊ

ऑस्ट्रेलियात 'फुटबॉल' हा एक खेळ नाही, चार आहेत. तिथे प्रत्येक प्रकाराला 'कोड' म्हणतात. कोड म्हणजे नियमांचा एक वेगळा संच आणि त्या नियमांनी चालणारी सगळी दुनिया.

पहिला ऑस्ट्रेलियन रूल्स. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, एका बाजूला १८ खेळाडू. त्याची मोठी स्पर्धा एएफएल. दुसरा रग्बी लीग, १३ खेळाडूंचा. त्याची स्पर्धा एनआरएल. तिसरा रग्बी युनियन, १५ खेळाडूंचा. रेबेल्स याच कोडचा. चौथा आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो, ११ जणांचा. तिथे त्याला बरेच जण सॉकर म्हणतात आणि त्याच्या स्पर्धेचं नाव ए-लीग. वेस्टर्न युनायटेड या चौथ्यातला.

महाराष्ट्रात घाट उतरला की भाकरी मागे राहते आणि ताटात भात येतो. तशीच ऑस्ट्रेलियात एक काल्पनिक रेषा आहे, तिला 'बारासी लाइन' म्हणतात. रॉन बारासी या नामवंत खेळाडूच्या नावावरून १९७८ मध्ये एका इतिहासकाराने हे नाव दिलं. रेषेच्या एका बाजूला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्सचं राज्य. दुसऱ्या बाजूला सिडनी आणि ब्रिस्बेन. तिथे रग्बीचं, त्यातही लीगचं. गेल्या चाळीस वर्षांतले बहुतेक आर्थिक घोळ ही रेषा ओलांडायच्या हट्टातून झाले आहेत, असं माझं मत आहे. रेबेल्स हा रेषेच्या 'चुकीच्या' बाजूला काढलेला क्लब होता.

मेलबर्नच्या आमी पार्क स्टेडियमकडे बघा. बुडबुडे एकमेकांना चिकटवावेत तसं त्याचं छप्पर आहे आणि आत साधारण तीस हजार खुर्च्या. याच मैदानावर २०२४ पर्यंत रेबेल्सचं रग्बी युनियन, शिवाय मेलबर्न स्टॉर्मचं रग्बी लीग आणि मेलबर्न व्हिक्टरी व मेलबर्न सिटी या दोघांचा सॉकर. तीन कोड, एकच गवत. आणि तिथून चालत जावं इतक्या अंतरावर एमसीजी, चौथ्या कोडचं घर.

### क्लबच्या गल्ल्यात पैसा येतो कुठून?

तिकिटं, सभासदांची वर्गणी, जर्सीवर नाव छापणारे प्रायोजक आणि प्रक्षेपण हक्क. प्रक्षेपण हक्क म्हणजे सामने दाखवण्यासाठी टीव्ही कंपनीने भरलेली रक्कम. ती थेट क्लबला मिळत नाही. आधी स्पर्धा चालवणाऱ्या मुख्यालयाकडे जाते आणि तिथून क्लबांना वाटली जाते.

यातल्या तिकिटांबद्दल आपला मोठा गैरसमज असतो. मैदान भरलं म्हणजे पैसा आला असं नसतं. लग्नाचं मंगल कार्यालय जसं ठरलेल्या भाड्याने घ्यावं लागतं, पाहुणे शंभर येवोत की हजार, तसंच स्टेडियमचं. सुरक्षा, सफाई, दिवे यांचा खर्च ठरलेला. मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये वीस-पंचवीस हजार लोक येऊनही यजमान क्लबला पदरचे पैसे भरावे लागल्याची उदाहरणं आहेत. शेवटी २०१६ मध्ये एएफएलने ते स्टेडियमच विकत घेतलं.

सिडनीकडच्या रग्बी लीग क्लबांचा आणखी एक झरा आहे, तो म्हणजे जुगाराची यंत्रं. लोक त्यांना 'पोकी' म्हणतात. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांना ती ठेवायला परवानगी दिली. तेव्हापासून जेवणघर, बार आणि पोकींची रांग असलेले 'लीग्ज क्लब' आपापल्या संघांना पोसत आले. हा पैसा मला कायम खटकतो. तो त्याच वस्तीतल्या माणसांच्या खिशातून निघतो, आणि बऱ्याचदा ज्याला परवडत नाही त्याच्या. मेलबर्नमध्ये नॉर्थ मेलबर्न क्लबने आधीच पोकी सोडल्या आणि २०१८ मध्ये कॉलिंगवूडनेही त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. ते धैर्याचं होतं, कारण त्या उत्पन्नाला दुसरा सोपा पर्याय नव्हता.

पण खरा फरक पाडतो तो टीव्हीचा पैसा. एएफएलने २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी ४.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार केला. डॉलर ५५ रुपयांचा धरला तरी हे २५ हजार कोटी रुपयांच्या आसपास जातं. वर्षाला सरासरी ६४ कोटी डॉलर. ए-लीगचा २०२१ चा करार पाच वर्षांसाठी २० कोटी डॉलरचा सांगितला गेला, म्हणजे वर्षाला चार कोटी. रग्बी युनियनने २०२० च्या अखेरीस केलेला करार तीन वर्षांसाठी १० कोटींचा, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटीही नाही. एकाच शहरातले, एकाच रस्त्यावरचे शेजारी. एकाचं उत्पन्न ६४ आणि दुसऱ्याचं साडेतीन.

### तरी गरीब कोडने गरिबीत राहावं की!

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि सगळी मेख त्याच्या उत्तरात आहे.

आमच्या जिल्ह्यातला ऊस घ्या. एकाच शिवारातल्या उसावर दोन साखर कारखान्यांचा डोळा असतो, शिवाय गुऱ्हाळवालाही असतो. गुऱ्हाळाचा माल वेगळा, बाजार वेगळा, नफा वेगळा. पण ऊस तोच. शेजारच्या कारखान्याने पहिली उचल जास्त दिली की आपल्या कारखान्यालाही ती द्यावी लागते, परवडो वा न परवडो. नाही दिली तर ऊस दुसऱ्याच्या गाडीत जातो, आणि उसाशिवाय कारखाना म्हणजे नुसतं लोखंड. मग कर्ज काढून दर द्यायचा. पुढच्या वर्षी त्या कर्जाचं व्याज आणि वर पुन्हा दर.

ऑस्ट्रेलियात हा ऊस म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा दणकट, चपळ मुलगा. पश्चिम सिडनीतल्या अशा एका मुलाकडे रग्बी लीग, रग्बी युनियन आणि एएफएल या तिघांची माणसं जातात. त्याची किंमत ठरते सगळ्यात श्रीमंत कोडच्या खिशावरून. गरीब कोडला मात्र ती आपल्या खिशातून द्यावी लागते.

प्रत्यक्षात काय घडलं बघा. एएफएलने रग्बीच्या मुलखात गोल्ड कोस्ट (२०११) आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी (२०१२) असे दोन नवे क्लब काढले. तिथे लोकांचं लक्ष वेधायला रग्बी लीगचे दोन तारे, कार्माइकल हंट आणि इझ्राएल फोलाऊ, मोठ्या रकमा मोजून आणले. आयुष्यात हा खेळ व्यावसायिक पातळीवर न खेळलेली ही माणसं! फोलाऊ २०१२ नंतर रग्बी युनियनकडे गेला. पुढे २०२३ मध्ये रग्बी युनियनने लीगच्या सिडनी रूस्टर्सकडून जोसेफ सुआली या तरुणाला करारबद्ध केलं. रक्कम वर्षाला सुमारे १६ लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. सव्वा वर्षाने त्याच कोडचा रेबेल्स बंद झाला. सुआली थोर खेळाडू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ते दाखवलं. पण घरातला एक खांब विकून दारावर तोरण बांधल्यासारखं ते दिसतं, आणि रेबेल्सच्या पाठीराख्यांना ते तसं दिसलं तर त्यांचं चूक नाही.

सॉकरची गोष्ट थोडी निराळी. त्याचे चांगले खेळाडू लीगकडे पळत नाहीत, युरोपात जातात, आणि त्यातून क्लबला हस्तांतराचे पैसेही मिळतात. त्याची स्पर्धा आहे ती प्रायोजकांसाठी, मैदानासाठी आणि शनिवार संध्याकाळसाठी. २०२३ च्या महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना एक कोटीहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. तरी पुढच्याच जानेवारीत ए-लीग चालवणाऱ्या संस्थेने आपले निम्मे कर्मचारी कमी केले. देशाच्या संघावरचं प्रेम आपोआप क्लबच्या गल्ल्यात उतरत नाही.

### पगारावर मर्यादा का घालत नाहीत?

घालतात. तिला 'सॅलरी कॅप' म्हणतात. एका क्लबने आपल्या सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा, याची ती कमाल मर्यादा. ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये ती १९८५ मध्ये आली. पुढच्याच वर्षी 'ड्राफ्ट' आला. त्यात तळाच्या संघाला नव्या दमाचे खेळाडू निवडायची पहिली संधी मिळते.

यामागचं गणित खासबागेत कुस्ती पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मैदान भरतं ते तोलामोलाच्या जोडीसाठी. नामांकित पैलवानासमोर पोरसवदा गडी उभा केला तर लोक दोन मिनिटांत उठून जातील, पुढच्या वर्षी येणारही नाहीत. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी दुबळा झाला की आपणही दुबळे होतो. साबण विकणाऱ्याला दुसरा साबण बुडाला तर आनंद होईल. कॉलिंगवूडला कार्ल्टन बुडाला तर मोठं नुकसान. म्हणूनच एएफएल टीव्हीचे पैसे वाटताना कमकुवत क्लबांना जास्त आणि धनवान क्लबांना कमी देते. गावजेवणात ज्याच्या घरी कमी आहे त्याच्या पानात वाढप्याने आधी वाढावं, तसं.

पण कॅप आपल्या कोडपुरतीच. सगळ्या कारखान्यांनी बसून दर ठरवला तरी गुऱ्हाळवाला त्या बैठकीत नसतो.

आणि घरातच भांडण लागलं तर कॅप कागदावर राहते. १९९५ ते १९९७ या काळात रग्बी लीगमध्ये तेच झालं. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीला नव्या पैसे-भरा टीव्हीसाठी रग्बी लीग हवी होती. समोर होते केरी पॅकर, तेच ज्यांनी १९७७ मध्ये रंगीत कपड्यांच्या क्रिकेटची बंडखोर स्पर्धा उभी केली होती. दोन्ही बाजूंनी खेळाडूंपुढे धनादेशांची पुस्तकं उघडली. १९९७ मध्ये तर एकाच खेळाच्या दोन समांतर स्पर्धा झाल्या. तह झाला आणि १९९८ मध्ये एनआरएल जन्माला आली, तेव्हा पगार फुगलेले होते आणि क्लब फार झालेले होते. ठरलं की २००० पर्यंत १४ क्लब ठेवायचे. बाकीच्यांनी एकत्र व्हावं, नाहीतर जावं.

इथे खेळाडूंवर राग धरू नये. त्यांची कारकीर्द आठ-दहा वर्षांची, गुडघा गेला की संपली. चार दर समोर असताना उसाला जास्त दर मागणारा शेतकरी चुकत नाही, तसे तेही चुकत नाहीत. चूक असते ती पुढच्या वर्षीच्या पैशांवर यंदाचा दर देणाऱ्या संचालक मंडळाची.

### तोट्यातला क्लब बंद करावा, त्यात रडायचं काय?

हा आक्षेप व्यवहारी आहे. दुकान चालत नसेल तर शटर ओढतात. फिट्झरॉयच्या बाबतीत तेच केलं गेलं.

फिट्झरॉय १८८३ चा क्लब, आठ अजिंक्यपदं जिंकलेला. १९६६ नंतर त्याला स्वतःचं मैदान राहिलं नाही, भाड्याच्या मैदानांवर बिऱ्हाड हलवत राहिला. कर्ज वाढत गेलं. धनको कोण, तर प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या बेटाच्या सरकारची विमा संस्था. फॉस्फेट विकून श्रीमंत झालेल्या त्या बेटाने मेलबर्नच्या एका वस्तीतल्या क्लबला पैसे दिले होते. १९९६ मध्ये तिने प्रशासक नेमला. हंगाम संपायच्या आतच क्लबचं ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीनीकरण ठरलं. १ सप्टेंबर १९९६ ला फिट्झरॉय आपला शेवटचा सामना खेळला, तोही घरी नाही, देशाच्या दुसऱ्या टोकाला पर्थमध्ये. ८६ गुणांनी हरला. मैदानावरून बाहेर पडताना परक्या शहराचे लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

'ब्रिस्बेन लायन्स' नावाने फिट्झरॉयच्या जर्सीवरचा सिंह आजही खेळतो, २००१ ते २००३ सलग तीनदा जिंकला, २०२४ आणि २०२५ मध्येही जिंकला. हिशेबाच्या वहीत विलीनीकरण यशस्वी. पण फिट्झरॉयचे कितीतरी पाठीराखे ब्रिस्बेनचे झाले नाहीत आणि शेजारच्या कॉलिंगवूडचे तर मुळीच नाहीत. ते खेळच बघायचे थांबले. साबण बदलता येतो, पेठ बदलता येत नाही. दुकानाच्या हिशेबाने विचार करणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं. बुडालेल्या क्लबचं गिऱ्हाईक शेजारी जात नाही, ते घरी जातं.

त्याच सप्टेंबरमध्ये हॉथॉर्न आणि मेलबर्न या दोन क्लबांच्या विलीनीकरणाचं घाटत होतं. एकत्र येणाऱ्यांना मुख्यालय लाखो डॉलर द्यायला तयार होतं. पण हे क्लब आपल्या सहकारी संस्थांसारखे सभासदांच्या मालकीचे, त्यामुळे सर्वसाधारण सभा आली. हॉथॉर्नच्या सभेत जुना कर्णधार डॉन स्कॉट उठला. नव्या संयुक्त क्लबची नमुन्याची जर्सी त्याने हातात धरून दाखवली. तिच्यावर हॉथॉर्नचा ससाणा होता, पण चिकटपट्टीने लावलेला. स्कॉटने तो सगळ्यांदेखत टर्रकन ओढून काढला. खाली उरली ती निव्वळ मेलबर्नची जर्सी. मेलबर्नच्या सभासदांनी विलीनीकरणाला होकार दिला होता, हॉथॉर्नच्यांनी नाकारलं आणि ते तिथेच संपलं. तो आवाज ऐकलेल्या सभागृहाला ताळेबंद समजावायची गरज उरली नव्हती. पुढे हॉथॉर्नने २००८ मध्ये आणि मग २०१३ ते २०१५ सलग तीन अजिंक्यपदं जिंकली.

त्याआधी १९८९ मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्तीतल्या फुट्सक्रे क्लबला फिट्झरॉयमध्ये विलीन करायची घोषणा झाली होती. लोक कोर्टात गेले आणि रस्त्यावर डबे घेऊन उभे राहिले. सुमारे तीन आठवड्यांत पंधरा लाख डॉलरच्या घरात रक्कम उभी केली. तो क्लब आज 'वेस्टर्न बुलडॉग्ज' म्हणून ओळखला जातो. २०१६ मध्ये तो ६२ वर्षांनी अजिंक्य ठरला.

सिडनीत साउथ सिडनी रॅबिटोजला, १९०८ च्या मूळ क्लबांपैकी एकाला, १९९९ च्या अखेरीस त्या १४ च्या यादीतून वगळलं. २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यांवर सुमारे ऐंशी हजार लोक लाल-हिरवे रंग घालून चालले. दोन हंगाम संघ खेळला नाही. कोर्टात अपील जिंकून २००२ मध्ये परतला, २०१४ मध्ये ४३ वर्षांनी जिंकला.

म्हणजे ज्यांना 'चालण्यासारखा नाही' म्हणून मोडीत काढलं होतं, तेच पुढे चालले. सगळेच वाचावेत असं मी म्हणत नाही. पण ताळेबंद एका वर्षाचा असतो आणि क्लबचं आयुष्य शंभर वर्षांचं. मोजमाप करणाऱ्याने इतकं तरी ध्यानात ठेवावं.

### एखादा श्रीमंत मालक आणला तर?

कधीकधी जमतं. रॅबिटोजचे तीन चतुर्थांश समभाग २००६ मध्ये सभासदांनी मतदान करून अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांना दिले, आणि क्लब सावरला. एक चतुर्थांश मात्र सभासदांनी आपल्याकडे ठेवला, हे महत्त्वाचं.

पण न्यूकॅसलचं उदाहरण विसरू नये. हे कोळशाचं बंदर. नेथन टिंकलर या खाणसम्राटाने २०१० मध्ये तिथला सॉकर क्लब जेट्स घेतला आणि २०११ मध्ये रग्बी लीगचा नाइट्सही. एका शहराचे दोन कोड एका माणसाच्या खिशात. कोळशाचे भाव पडले आणि तो खिसा फाटला. २०१४ मध्ये नाइट्स एनआरएलला ताब्यात घ्यावा लागला, २०१५ मध्ये जेट्सचा परवाना सॉकर महासंघाने काढून घेतला. पुढे नाइट्सला हात दिला तो तिथल्याच एका सभासदांच्या मालकीच्या लीग्ज क्लबच्या समूहाने.

वेस्टर्न युनायटेडची रचना याहून वेगळी होती. मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट नावाची झपाट्याने वाढणारी वसाहत आहे. तिथे भारतीय कुटुंबं फार मोठ्या संख्येने राहतात, त्यात मराठीही आहेत. तिथल्या मोकळ्या जमिनीचा विकास करायचा आणि त्या नफ्यातून पंधरा हजार आसनांचं स्टेडियम बांधायचं, या आराखड्यावर २०१८ च्या अखेरीस परवाना मिळाला. संघ २०२२ मध्ये अजिंक्यही ठरला. स्टेडियम मात्र उभं राहिलं नाही. सरावाचं मैदान आणि पाचेक हजारांची सोय तेवढी २०२४ पर्यंत झाली. तोवर घरचे सामने जिलाँगला, बॅलराटला, जिथे जागा मिळेल तिथे. ज्या वस्तीचं नाव घेऊन क्लब काढला, त्या वस्तीत तो वर्षानुवर्षं राहिलाच नाही. मग माणसं तरी कशी जोडली जाणार? फिट्झरॉयची तीस वर्षांची भटकंती इथे पाच-सहा वर्षांत झाली.

### आपल्याकडे असं आहे का?

अर्धंमुर्धं. आपल्याकडे कबड्डीपटूला फुटबॉल क्लब पळवत नाही, त्यामुळे उसाची भांडणं नाहीत. आपली ओढाताण आहे टीव्हीच्या आणि प्रायोजकांच्या पैशांवर, आणि तिथे क्रिकेटसमोर कुणीच नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा, महासंघ आणि ती लीग चालवणारी कंपनी यांच्यातला, मूळ करारच डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा ठरेना म्हणून त्या वर्षी हंगाम लांबला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. गोव्यात तर त्याआधीच, २०१६ मध्ये, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीग सोडली होती. गोव्यातल्या माणसाला फिट्झरॉय समजावून सांगावा लागणार नाही.

### यात सरकारने पैसा का घालावा?

आपल्याकडे कारखान्याला थकहमी द्यायची वेळ आली की हाच वाद होतो. ऑस्ट्रेलियात सध्या तो टास्मानियात पेटलेला आहे. या बेटाला मे २०२३ मध्ये एएफएलने एकोणिसाव्या क्लबचा परवाना दिला. पहिला हंगाम २०२८ चा. अट एकच, होबार्टच्या मॅक्वारी पॉइंटवर २३ हजार आसनांचं छप्पर असलेलं नवं स्टेडियम. खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे, आणि बेटाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास.

एएफएलचा युक्तिवाद साधा आहे. स्वतःच्या मैदानाशिवाय क्लब म्हणजे उद्याचा फिट्झरॉय. तो चुकीचा नाही. पण ज्याच्याकडे साडेचार अब्जांचा टीव्ही करार आहे त्याने स्टेडियमचा मुख्य भार एका छोट्या, कर्जात असलेल्या राज्यावर टाकावा, हे मला पटत नाही. दवाखाने आणि घरं आधी, असं म्हणणारे तिथले लोक खेळाचे वैरी नाहीत. त्यातल्या कित्येकांच्या घरात क्लबचं सभासदपत्र आहे. मार्च २०२४ मध्ये दहा डॉलरला सभासद व्हा, अशी हाक दिली, तेव्हा दोन लाखांहून जास्त नावं नोंदली गेली. संघात एकही खेळाडू नव्हता, मैदान नव्हतं, पहिला सामना चार वर्षं लांब होता. पिढ्यानपिढ्या मेलबर्नच्या क्लबांना टाळ्या वाजवणाऱ्या त्या बेटाने आपल्या नावाच्या जर्सीसाठी दहा-दहा डॉलर काढून दिले. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने स्टेडियमला मंजुरी दिली, आणि आता त्या बंदराकाठच्या जागेवर बांधकाम कधी पुरं होतं, यावर सगळ्यांचे डोळे आहेत.